वहिवाट, सरंजाम आणि सार्वभौमत्व



१२ एप्रिल १९६० रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगाल विरुद्ध भारत या दाव्याचा निकाल दिला. या न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. पण त्या निकालपत्रात एका जागी 'जहागीर' आणि 'सरंजाम' हे दोन शब्द आले आहेत, आणि ते शोभेसाठी आलेले नाहीत. सरंजाम म्हणजे नेमकं काय, तो देणारा काय देतो आणि काय स्वतःकडे ठेवतो, याचा निवाडा जगभरातून आलेल्या पंधरा न्यायाधीशांनी त्या दिवशी केला. महाराष्ट्र राज्य स्थापन व्हायला तेव्हा अजून एकोणीस दिवस होते.

आंतरराष्ट्रीय कायदा, राजनय आणि मानवी हक्क यांच्या इंग्रजी परिभाषेवर मी बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं समोर आहेत, त्यांना उपयोग होईल, असंही म्हणाले. आता शब्दांची यादी देऊन त्यांचे मराठी प्रतिशब्द सांगत बसलो, तर तासाभरात आपण सगळेच कंटाळू. शिवाय या क्षेत्रातले शब्द कोशातल्या अर्थावर चालतच नाहीत. एखादा शब्द मान्य केला की कोण बांधला जातो आणि कोण मोकळा सुटतो, हा त्या शब्दाचा खरा अर्थ. तो खटल्यात कळतो, तहाच्या वाटाघाटीत कळतो, मतदानाच्या वेळी कळतो. म्हणून मी आज एकाच भूभागाची गोष्ट सांगणार आहे. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली. या चिमुकल्या प्रदेशावरून पंचवीस-तीस वर्षांत जेवढे मोठमोठे शब्द लढवले गेले, तेवढे क्वचितच कुठे लढवले गेले असतील.

आधी भूगोल. दमण समुद्राकाठी. दादरा आणि नगर हवेली आत, डोंगराच्या बाजूला. मधे भारताचा मुलूख, आणि दादरा व नगर हवेली यांच्यामधेही पुन्हा भारताची पट्टी. चहूबाजूंनी दुसऱ्याच्या भूमीने वेढलेल्या अशा तुकड्याला इंग्रजीत 'एन्क्लेव्ह' म्हणतात. १९५४च्या जुलैमध्ये दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून गेलं. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते असे वेगवेगळ्या विचारांचे लोक त्या मोहिमेत होते. आपले सुधीर फडकेही होते. भारताचं सैन्य मात्र नव्हतं, आणि पुढे कायद्याच्या दृष्टीने हीच गोष्ट फार मोलाची ठरली. दमणचं पोर्तुगीज प्रशासन आपले प्रतिनिधी आत पाठवू पाहत होतं. भारताने वाट दिली नाही.

पोर्तुगाल तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नव्हता. १४ डिसेंबर १९५५ रोजी सोळा देशांना एकदम प्रवेश मिळाला, त्यात तो आत आला. १९ तारखेला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केल्याचं घोषणापत्र दिलं. २२ तारखेला दावा दाखल. घोषणापत्राची खबर धड आमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच दावा कसा, अशी हरकत भारताने घेतली. न्यायालय म्हणालं, घोषणापत्र महासचिवांकडे पोहोचलं त्या क्षणी अंमलात आलं. २६ नोव्हेंबर १९५७च्या निकालात भारताच्या सहा प्राथमिक हरकतींपैकी चार फेटाळल्या गेल्या आणि दोन मुख्य सुनावणीबरोबर ऐकायचं ठरलं. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड भारताची बाजू मांडत होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले म. क. छागला या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून न्यायासनावर होते. खटल्यातल्या पक्षाचा माणूस त्या न्यायालयात नसेल, तर त्याला आपल्या पसंतीचा न्यायाधीश तेवढ्यापुरता बसवता येतो. ही सोय मला नेहमीच जरा गमतीची वाटते. न्यायाची देवता डोळ्याला पट्टी बांधते आणि दोन्ही पक्षांना एकेक खुर्चीही देते.

पोर्तुगालचा दावा होता 'राइट ऑफ पॅसेज'चा.  दिवाणी कोर्टातल्या वकिलाला हा दावा समजावून सांगायला एक वाक्य पुरलं असतं: माझं शेत आत आहे, मधे शेजाऱ्याचं शेत आहे, आणि त्याच्या बांधावरून मी पिढ्यान्पिढ्या जातो-येतो. मामलेदाराच्या कोर्टात असे दावे १९०६च्या कायद्याखाली आजही चालतात. पहिला प्रश्न तोच: आतलं शेत तुझं कशावरून? दुसरा प्रश्न: वहिवाट कशाची होती, नुसत्या माणसाची, बैलगाडीची, की हत्यारबंद टोळीची?

आतलं शेत कुणाचं, या प्रश्नासाठी थेट सवाई माधवरावांच्या काळात जावं लागलं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा तो काळ. पुण्याला पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. १७७९मध्ये तह झाला, त्याच्या सतराव्या कलमात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना देण्याचं ठरलं. मग १७८३ आणि १७८५च्या सनदांनी गावं प्रत्यक्ष हवाली झाली. पोर्तुगालचं म्हणणं, मराठ्यांनी आम्हाला या गावांचं सार्वभौमत्व दिलं. भारताचं म्हणणं, महसूल खाण्याचा हक्क दिला, राज्य दिलं नाही.

इथे न्यायालयाने जे केलं ते मला फार आवडतं. तहाच्या निरनिराळ्या संहिता पुढे ठेवून त्याने मराठ्यांचे इतर तह पाहिले. जिथे मराठ्यांना खरोखर प्रदेश कायमचा तोडून द्यायचा होता, तिथे त्यांनी तसे स्पष्ट शब्द वापरलेले आहेत, कायमचं, निरंतर सार्वभौमत्वासह, अशा अर्थाचे. इथे ते शब्द नाहीत. सनदांतली भाषा जहागिरीची, सरंजामाची आहे, वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची. अशी देणगी हिंदुस्थानात सर्रास दिली जात असे, आणि तिचा अर्थ प्रदेशाचं सार्वभौमत्व सोडणं असा कधी लावला गेल्याचं एकही उदाहरण आपल्यापुढे आलं नाही, असं न्यायालयाने नोंदवलं. पेशव्यांच्या कारकुनांना आपण काय लिहितो हे नेमकं कळत होतं, आणि पावणेदोनशे वर्षांनी ते हेगला मान्य झालं. मराठी माणसाला आंतरराष्ट्रीय व्यवहाराची भाषा अवगत नव्हती, असं म्हणणाऱ्यांनी निकालपत्राचं ते पान काढून वाचावं.

पण ढोल वाजवण्याची घाई नको. त्याच निकालपत्रात पुढे न्यायालय म्हणतं की १८१८नंतर इंग्रज मराठ्यांच्या जागी आले, तेव्हा पोर्तुगीज या गावांचा सगळा कारभार एकहाती करत होते. इंग्रजांनी ती परिस्थिती जशी होती तशी स्वीकारली. मराठ्यांचे वारस म्हणून गावांवर हक्क सांगितला नाही, पोर्तुगीज सार्वभौमत्वाला हरकतही घेतली नाही. पुढे भारतानेही मुकाट्याने तेच चालू ठेवलं. म्हणून सार्वभौमत्व मान्य झालेलं आहे. मराठ्यांनी जे दिलं नव्हतं ते इंग्रजांच्या गप्प राहण्याने पोर्तुगालला मिळालं. आंतरराष्ट्रीय कायद्यात बोलण्याइतकंच न बोलण्यालाही वजन असतं. 'टॅसिट रेकग्निशन' म्हणजे मूक मान्यता. परराष्ट्र मंत्रालयं वर्षानुवर्षं एकाच मजकुराची निषेधपत्रं पाठवत राहतात, त्याची वर्तमानपत्रांत थट्टा होते. ती पाठवली नाहीत तर काय होतं, ते इथे दिसतं.

दुसरा प्रश्न वाटेचा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल दमणहून आत जात-येत होता आणि त्याला कुणी अडवत नव्हतं. ही सातत्याची, एकसारखी वहिवाट दोन्ही बाजूंनी हक्क म्हणूनच मानली, असं न्यायालयाला दिसलं. दोनच राज्यांपुरती अशी रूढी असू शकते, हा मुद्दा या निकालाने पक्का केला, आणि आज जगभरच्या विधी महाविद्यालयांत हा खटला त्यासाठीच शिकवला जातो. मात्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांची गोष्ट वेगळी निघाली. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने एकाचं सशस्त्र दल दुसऱ्याच्या हद्दीत, काही अपवाद सोडता, रीतसर विनंती केल्याशिवाय जाऊ नये असं ठरलं होतं. ज्या गोष्टीसाठी परवानगी मागत होता, ती हक्काची नव्हती हे तुम्हीच सिद्ध केलं, असा सरळ तर्क. न्यायालयाने पोर्तुगालचा हक्क पहिल्या बाबतीत अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य केला आणि दुसऱ्या बाबतीत आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला. १९५४मध्ये भारताने वाट अडवली तेव्हा पेटलेल्या परिस्थितीत नियमन करण्याचा आपला अधिकारच वापरला, म्हणून कर्तव्यभंग नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

आठ विरुद्ध सात. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर आपल्या हद्दीतून पोर्तुगीज फौजेला जाऊ देण्याचं बंधन, निदान कागदावर, भारतावर आलं असतं.

हे निकालपत्र वाचताना मला एक गोष्ट खटकते. शेकडो परिच्छेद वाटेबद्दल, सनदांबद्दल, घोषणापत्रांच्या तारखांबद्दल. पण तिथे राहणारे वारली, कोकणा, धोडिया कुठेत? वाट कुणाच्या जंगलातून जाते, ते लोक कुणाच्या राज्यात राहू इच्छितात, हा प्रश्न दाव्यात नव्हताच. दोन सार्वभौम राज्यांच्या वादात रहिवासी हा पक्षकार नसतो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जुन्या परिभाषेची ही मोठी उणीव. तिच्यात मुलूख आहे, सरहद्द आहे, तह आहे, माणसासाठी मात्र फारसा शब्द नाही.

माणसासाठीचे शब्द दुसऱ्या खोलीत तयार होत होते. १९४७-४८मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या. मुंबई विधान परिषदेत काम केलेल्या, संविधान सभेच्या सदस्य. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' असं होतं. मेन म्हणजे सगळी माणसंच, बायका त्यात आल्याच, अशी तेव्हाची समजूत. हंसाबेन म्हणाल्या, हे शब्द पुढे कुणीतरी बायकांना वगळण्यासाठी वापरील. त्यांच्या आग्रहामुळे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला तो त्याच शब्दांनी. दोन शब्दांचा बदल, पण त्यानंतर 'मेन'च्या आडून पळायला वाट उरली नाही.

आता पुन्हा पोर्तुगालकडे. शब्द बदलून कर्तव्य टाळता येतं, याचा पाठ तिथल्या हुकूमशहा सालाझारच्या सरकारने घालून दिला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या त्र्याहत्तराव्या कलमाप्रमाणे, ज्या देशाच्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत, त्याने तिथल्या परिस्थितीची माहिती महासचिवांकडे पाठवायची असते. पोर्तुगालने १९५१मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असं नाव दिलं. १९५६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी विचारणा केली तेव्हा उत्तर तयार होतं: आमच्याकडे वसाहतीच नाहीत, प्रांत आहेत, मग माहिती कसली पाठवायची? पणजी आणि मडगाव कागदोपत्री लिस्बनइतकेच पोर्तुगाल झाले. गोव्यात कुणाला त्यामुळे मोकळेपणाने बोलता-लिहिता आलं, सभा घेता आली, असं अजिबात घडलं नाही. ही शब्दांची हातचलाखी नऊ वर्षं टिकली. १४ डिसेंबर १९६० रोजी महासभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला, ८९ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, नऊ तटस्थ. दुसऱ्या दिवशी आणखी एका ठरावाने पोर्तुगालच्या ताब्यातले स्वयंशासन नसलेले प्रदेश नावानिशी मोजून दाखवले. त्या यादीत गोवा आणि त्याचे अवलंबित प्रदेश होते. प्रांत म्हणा नाहीतर काही म्हणा, वसाहत ती वसाहत.

एक वर्षाने, १८ डिसेंबर १९६१ला, भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि न्यू यॉर्कमध्ये त्याच दिवशी सुरक्षा परिषद बसली. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन यांच्या दृष्टीने हा सनदेचा भंग होता, बळाचा वापर. भारताचे सी. एस. झा यांच्या दृष्टीने हा वसाहतीचा प्रश्न होता, आणि भारताच्याच भूमीचा बेकायदा बळकावलेला तुकडा परत घेणं म्हणजे आक्रमण नव्हे. युद्धबंदी आणि माघारीचा ठराव मताला आला. परिषदेत तेव्हा अकरा सदस्य, मंजुरीला सात मतं लागत, आणि सात मिळालीही. विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सोव्हिएत संघाचं मत नकाराधिकार ठरलं आणि ठराव पडला. म्हणून गोव्याची घटना आक्रमण की मुक्ती, याचा निर्णय सुरक्षा परिषदेने दिला असं म्हणता येत नाही. तिथे फक्त एक शब्द मंजूर व्हायचा राहिला. आपण हा इतिहास सांगताना एवढं मान्य करायला हरकत नाही. आपली बाजू न्याय्य होती असं मी मानतो, आणि सनदेच्या अक्षरांशी ती सहजासहजी जुळत नव्हती हेही मानतो.

आता एक अस्वस्थ करणारं प्रकरण. गोव्यातल्या एका पाद्रीसाहेबांनी १९६२च्या नागरिकत्व आदेशाखाली पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवलं. राहण्याचा परवाना संपला, त्यांनी मुदतवाढ मागितली नाही, देश सोडला नाही, खटला झाला. आपली बाजू त्यांनी जिनिव्हा करारावर उभी केली. व्याप्त प्रदेशातल्या रहिवाशाला तिथून हाकलता येत नाही, असं तो करार म्हणतो. गोवा व्याप्त आहे, म्हणून मी संरक्षित व्यक्ती आहे. वादाचा सगळा भार 'ऑक्युपेशन' आणि 'ॲनेक्सेशन' या दोन शब्दांमधल्या अंतरावर आला. व्याप्ती म्हणजे युद्धात तात्पुरता ताबा, मूळ सार्वभौम अजून जिवंत. सामिलीकरण म्हणजे प्रदेश कायमचा स्वतःच्या राज्यात घेणं. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला: गोवा भारतात सामील झाला आहे, व्याप्ती संपली आहे, व्याप्तीबरोबर जिनिव्हा कराराचं संरक्षणही संपलं. कायद्याच्या अंगाने निकाल पटणारा आहे. तरीही पाहा, ज्या शब्दाने लाखो गोवेकर भारताचे नागरिक झाले, त्याच शब्दाने एका धर्मगुरूला आपल्याच गावात परका ठरवलं. मानवी हक्कांची परिभाषा अशा एकट्या माणसांसाठीच असते, बहुसंख्यांना ती एरवी लागत नाही.

राहता राहिला राजनय. त्याची परिभाषा कायद्याच्या उलट्या अंगाने चालते. कायद्याला शब्द नेमका लागतो. राजनयाला बऱ्याचदा असा शब्द लागतो ज्यावर दोघांनाही सही करता येईल आणि दोघांनाही घरी जाऊन वेगळं सांगता येईल. कधी सही करणारा माणूसच आधी घडवावा लागतो. दादरा-नगर हवेलीत १९५४नंतर वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. १९६१मध्ये विलीनीकरण करायचं ठरलं तेव्हा नेहरूंबरोबर करारावर सही कोण करणार, हा प्रश्न आला. पंचायतीने बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला पंतप्रधान नेमलं. त्यांनी सही केली आणि त्यांचं पंतप्रधानपद तिथेच संपलं. हसू येतं, पण यात थट्टा नाही. सही करणाऱ्याला पूर्णाधिकार असल्याशिवाय करार होत नाही.

१९७४च्या एप्रिलमध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. भारताकडून सही परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची, पोर्तुगालकडून मारियो सोआरेश यांची. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. कोणत्या तारखेपासून, हा काटेरी प्रश्न. करारावर सही झाली त्या दिवसापासून म्हटलं, तर तेरा वर्षं भारत बेकायदा बसला होता असं होतं. आधीपासून म्हटलं, तर पोर्तुगालने सुरक्षा परिषदेत जे सांगितलं ते सगळं पोकळ ठरतं. मसुदा करणाऱ्यांनी लिहिलं: भारतीय संविधानाप्रमाणे हे प्रदेश ज्या ज्या तारखांना भारताचे भाग झाले, त्या तारखांपासून. एकही तारीख लिहिली नाही. तारखा भारताच्या घटनादुरुस्त्यांत शोधायच्या. गोवा, दमण आणि दीवसाठी २० डिसेंबर १९६१, दादरा आणि नगर हवेलीसाठी ११ ऑगस्ट १९६१.

म्हणजे सिल्वासा सुटलं त्या २ ऑगस्ट १९५४ पासून पुढची सात वर्षं करारात कुठेच बसत नाहीत. पंचायत कारभार पाहत होती, न्याय देत होती. हेगच्या न्यायालयाने तिथल्या सार्वभौमत्वाचा निवाडा केला तो बंडाच्या आधीच्या काळाचा, नंतर काय हे त्याने ठरवलं नाही. दिल्लीच्या करारात तर तो प्रश्न कुणी काढलाच नाही, आणि म्हणूनच ३१ डिसेंबरला सह्या होऊ शकल्या.